सूर उतरलेला पियानो

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. दिसतो कपाटासारखा, म्हणून येणारे-जाणारे माझ्या डोक्यावर खुशाल छत्र्या आणि पिशव्या ठेवतात. माझ्या पोटात तारा आहेत आणि त्या सदैव ताणलेल्या असाव्या लागतात. तो ताण हाच माझा जीव.

कारागिरांनी मला घडवलं आणि मी थेट एका हॉटेलच्या नाचघरात जाऊन पडलो. तिथे मला मास्तर भेटले. तेव्हा ते मास्तर नव्हते, जॅझ वाजवणारे एक सडपातळ, हट्टी तरुण होते. जॅझमध्ये एकच धून दोनदा सारखी वाजवणं कमीपणाचं मानतात. ते रोज तीच धून नव्या वाटेने नेत आणि बरोबर घरी आणत. लोक नाचायचे थांबून ऐकत. कौतुकाने मीही हवेत होतो, खोटं कशाला बोलू! मात्र मास्तरांच्या कानाशी ढोलवाला बसे, आणि तो काही हात राखून वाजवणाऱ्यातला नव्हता.

पुढे नाचघरात रेकॉर्ड वाजू लागल्या आणि वादकांना नारळ मिळाला. मास्तरांनी मला घरी आणलं, शिकवण्या सुरू केल्या. किती मुलं रडत आली आणि वाजवत गेली! मास्तरांचा दराराच तसा होता. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत.

दरवर्षी माझे सूर लावायला एक माणूस यायचा. घरात त्याला सगळे सूरवाला म्हणत. एकदा काम आटोपून तो हळूच म्हणाला, "मास्तर, राग मानू नका. वरच्या पट्ट्या तुम्हाला नीट ऐकू येत नाहीत. एकदा कान दाखवून घ्या."

"माझे कान तू तपासणार?" मास्तर कडाडले. "ऊठ! पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

"बाबा, तो वाईट काय बोलला हो?" मास्तरांच्या मुलीने समजूत घालून पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यानंतर तारा ताणायला माझं पोट कुणी उघडलं नाही. तारा सैल पडत गेल्या, आणि घात असा की सगळ्या सारख्याच सैल पडल्या. आपसात मेळ राहिला, म्हणून कुणाला खटकेना. पण होता होता माझी कुठलीही पट्टी दाबली, तरी सूर तिच्या डाव्या शेजारणीचा निघू लागला.

आणि याच काळात मास्तरांची नात माझ्यापुढे बसू लागली. पोरीचा कान विलक्षण. मी वाजलो की ती स्वयंपाकघरातून पट्टीचं नाव सांगायची. "ही माझं नाव काढणार," मास्तर म्हणत. संगीत विद्यालयात जायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं.

प्रवेशाच्या दिवशी परीक्षकांनी तिला पाठमोरी उभं केलं आणि तिथल्या पियानोची एकेक पट्टी दाबून नाव विचारलं. तिने न अडखळता उत्तरं दिली. प्रत्येक उत्तर शेजारच्या पट्टीचं निघालं.

"हिला सूरच कळत नाही," असं म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं.

"घाबरली असशील," मास्तर म्हणाले.

"नाही आजोबा, मला ऐकू आलं तेच सांगितलं."

तिला शंका आली. तिने हट्टाने सूरवाल्याला बोलावलं. मास्तर तोंड फिरवून खिडकीशी बसले. सूरवाल्याने माझी एक तार ताणली आणि ती फटाका फुटावा तशी तुटली. मास्तरांनी मानसुद्धा वळवली नाही. ते पाहून नातीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आता याचा सूर वर चढायचा नाही," सूरवाला म्हणाला. "आणि पोरी, तुझ्या कानातही हाच सूर मुरलाय. तो निघणं सोपं नाही."

तो गेल्यावर मास्तरांनी विचारलं, "काय म्हणाला?"

ती त्यांच्या कानाशी वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "सूर चोख आहेत म्हणाला, आजोबा."

"मग? मी सांगत नव्हतो?"

ते खुशीत येऊन माझ्यापुढे बसले आणि वाजवू लागले. मला रडू आलं, पण माझ्यातून निघाली ती नाचाची धून.

मित्रांनो, घरातल्या वाद्याचे सूर वेळच्या वेळी लावून घ्या. आणि कुणी तोंडावर तुमचं उणं दाखवलं, तर त्याला घालवून देण्याआधी तुमच्या भरवशावर कोण शिकतंय, तेही बघा. मास्तर अजून रोज वाजवतात. ते वाजवायला बसले, की नात उठून आपल्या खोलीचं दार लावून घेते.