माळ्यावरून उतरलो आणि बर्फ फोडला

मी मिक्सर बोलतोय. जरा मोठ्यानेच बोलतोय, पण त्याला इलाज नाही. हळू बोलणं मला जन्मात जमलं नाही. मी सुरू झालो की घरातले सगळे ओरडून बोलायला लागतात आणि शेजारचं बाळ उठतं. तरी ज्या रविवारची गोष्ट मी सांगणार आहे, त्या दिवशी माझ्या याच आवाजाला टाळ्या पडल्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे एक बाई प्रत्येक मिक्सर सुरू करून, मान कलती करून ऐकायची आणि आवाज पटला तरच पुढे सोडायची. माझा आवाज ऐकून ती म्हणाली, "हा दगडही फोडेल." ते कौतुक मी अजून जपून ठेवलंय. जाता जाता तिने माझ्या पोटाखालचं लाल बटण दाबून पाहिलं. ते बटण तुम्हीही लक्षात ठेवा.

मला विकत घेतलं एका शिंप्याच्या बायकोने. खाली दुकान, वर घर. शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात. घरात मास्तर, आई आणि त्यांची एकुलती एक मुलगी. ती लहानपणी एवढीशी होती म्हणून बारकी. आता ती आईपेक्षा उंच आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. शिवाय मास्तरांची थोरली बहीण, म्हणजे बारकीची आत्या, अधूनमधून हक्काने मुक्कामाला असते.

मास्तर माणूस सोन्यासारखा. हातात कात्री असली की केसभर इकडचं तिकडे होणार नाही. पण स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की तोच हात सैल सुटतो. सूपमध्ये चिमूटभर मिरपूड घालायला सांगा, मूठभर पडलीच म्हणून समजा. आत्याचंही तेच. या भावाबहिणींना झाकलेलं भांडं दिसलं की झाकण काढून, चव घेऊन, त्यात काहीतरी घातल्याशिवाय चैन पडत नाही. आई म्हणते, "यांच्या लहानपणी घरातल्या पातेल्यांना कुलपं असणार."

त्या सैल हातानेच माझा घात केला. एका उन्हाळ्यात मास्तरांना सरबताची हुक्की आली. त्यांनी माझं भांडं बर्फाने काठोकाठ भरलं, पाण्याचा थेंब घातला नाही आणि खटका सरळ तीनवर फिरवला. मी जोर लावला, पातं अडकलं आणि मी गप्प झालो. मास्तरांनी मला थोपटलं, हलवलं, प्लग बदलून पाहिला आणि डॉक्टरच्या थाटात सांगितलं, "मोटर जळली. गेला हा."

मी कुठे गेलो होतो? जीव फार ताणला गेला की मी आपणहून बंद होतो, आणि लाल बटण दाबलं की पुन्हा सुरू होतो. पण मला उलटं करून बघणार कोण? मास्तर चिंधीसुद्धा टाकत नाहीत, म्हणून मीही टाकला गेलो नाही एवढंच. अस्तराच्या कापडात गुंडाळून मला स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढवलं. माझ्या जागी एक गोरागोमटा, सडपातळ मिक्सर आला. नव्याची नवलाई म्हणून आई त्याला रोज पुसायची. वरून ते बघताना मला फार लागायचं, खोटं कशाला बोलू.

माळ्यावर मला घरातलं सगळं ऐकू यायचं. बारकी दुसऱ्या शहरात गेली आणि एका मोठ्या हॉटेलात बार सांभाळायला लागली. नवी नवी पेयं रचायची, हाताखालच्यांना शिकवायची, कामात तिचा जीव रमला होता. मास्तर तिच्याशी भांडले नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं. कुणी विचारलं की ते सांगायचे, "हॉटेलात हिशेबाला आहे." स्वतः दर शनिवारी दारूचा एक पेला घेत असूनही सांगायचे. बारकीला हे कळलं तेव्हा तिने फोनच ठेवून दिला, असं आई आत्याला सांगत होती.

यंदाच्या उन्हाळ्यात दुकानाचा वाढदिवस ठरला. जुनी गिऱ्हाइकं वर घरी जेवायला येणार होती. बारकी रजा घेऊन आली.

"प्यायचं मी करते, बाबा," ती म्हणाली. "संत्र्या-लिंबाचं, गोठवलेलं. फक्त कुणी विचारलं तर हिशेबाचं सांगू नका. एवढंच मागते."

मास्तर सुईत दोरा ओवत होते. "बघू," म्हणाले.

आदल्या दिवशी तिने संत्री आणि लिंबं पिळली. साली किसून साखरेत चोळल्या, तसा तो वास माळ्यापर्यंत आला. मग पाक केला, पांढरी रम मापून घातली आणि सगळं रुंद डब्यात ओतून फ्रीजरमध्ये ठेवलं. "याला कुणी हात लावायचा नाही," तिने बजावलं. "उद्यापर्यंत भुसभुशीत होईल. काट्याने खरवडलं की झालं."

ती आंघोळीला गेली आणि मास्तर पाणी प्यायला आले. फ्रीजर उघडला, चमचा बुडवला, चव घेतली, पुन्हा घेतली. "पाहुण्यांना कंजूषपणा वाटायला नको," असं पुटपुटत त्यांनी बाटली तिरकी केली ती बराच वेळ तिरकीच ठेवली. त्यांची पाठ वळते न वळते तोच आत्या आली. "आंबट झालंय पोरीचं," म्हणाली आणि वाटीभर साखर ढवळून गेली. मी वर नुसता तडफडत होतो. प्लग काढलेल्या मिक्सरचं कोण ऐकतं?

रविवारी दुपारी पाहुणे बाहेरच्या खोलीत बसले आणि बारकीने डबा काढला. आत नुसतं पाणी डुचमळत होतं. तिने चमचाभर चाखलं आणि वर बघितलं.

"रम कुणी वाढवली? आणि साखर?"

आत्या खिडकीबाहेर बघायला लागली. मास्तरांनी घसा खाकरला.

"थोडीशीच घातली," आत्या म्हणाली. "चवीपुरती."

"अगं आत्या, दारू जास्त झाली की गोठत नाही. साखरेचंही तसंच."

बाहेरून कुणीतरी हसत विचारलं, काय मास्तर, घशाला कोरड पडली. बारकी ओट्याला टेकून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. आपलं काम सगळ्यांना दाखवायची ही एकच संधी होती, आणि तिच्या हातात गोडमिट्ट दारूचा डबा होता.

"सांगा त्यांना, हिशेबालाच आहे म्हणून," ती म्हणाली.

मास्तरांचा चेहरा असा उतरला की मला त्यांची दया आली. ते हळूच म्हणाले, "बर्फ घालून जमणार नाही का गं?"

तिने डोळे पुसले. "जमेल. पण खूप बारीक फोडायला लागेल."

गोऱ्यागोमट्याच्या भांड्यात बर्फ पडला. तो किंचाळला, थरथरला आणि जळका वास सोडून बसला. मला वाईट वाटलं पाहिजे होतं, पण वाटलं नाही.

"जुना कुठंय?" बारकीने विचारलं.

"तो मेला कधीच," मास्तर म्हणाले.

"कुणी बघितलं?"

ती स्टुलावर चढली, मला खाली उतरवलं, अस्तर सोडलं आणि थेट उलटं केलं. "हे काय, बटण बाहेर आलंय. आमच्याकडे हे रोज दाबावं लागतं. बर्फ जास्त झाला की रुसतो." तिने बोट टेकवलं. टक्क. इतकी वर्षं मी त्या एका बोटाची वाट बघत होतो.

मास्तरांचा हात सवयीने बर्फाच्या पिशवीत खोल गेला. "बाबा, मूठभरच," ती म्हणाली. आणि काय सांगू, मास्तरांनी तो बर्फ कापड बेतावं तसा मोजून घातला. वर डब्यातलं मिश्रण ओतलं, आईने आणखी लिंबं पिळली. बारकी खटका थोडा फिरवायची, सोडायची, पुन्हा फिरवायची. मी गरजलो. पाहुणे उठून दारात आले. मी दगड फोडणारा, माझ्यापुढे बर्फाची काय कथा? झाकण काढलं तर आत केशरी बर्फ मऊ, दाट, चमच्यावर उभा राहील असा. दारातल्यांनी टाळ्या वाजवल्या.

पेले फिरले. दुसऱ्या घोटालाच सगळे पुन्हा मागायला लागले. तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, "मास्तर, तुमची मुलगी हॉटेलात हिशेबाला ना? मग हे कुठं शिकली?"

बारकी माझं भांडं धूत होती. तिचा हात थांबला.

मास्तरांनी पेला खाली ठेवला. "हिशेबाला नाही," ते म्हणाले. "बार सांभाळते ती. हे मी बिघडवलं होतं, तिने सावरलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "याला पण."

बारकीने मागे वळून बघितलं नाही. भांडं केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी ती ते धूतच राहिली. माझा ऊर भरून आला.

आता मी ओट्यावर खिडकीपाशी असतो. माझं एक ऐका. तुमच्या घरात कुणाला 'गेला' म्हणून माळ्यावर टाकलं असेल, तर एकदा उलटं करून बघा. आणि बर्फ घालताना हात जरा आखडता घ्या.

मास्तर आता हात आखडता घेतात. भांड्याला हात लावायच्या आधी विचारतात. आई मात्र सांगते की खाली दुकानात गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं, की कुणी विचारायच्या आधीच मास्तर मुलीचं काम सांगायला लागतात, आणि तिथे त्यांचा हात अजूनही सैल सुटतो. काल म्हणे त्या हॉटेलाला दोन मजले जास्तच चढवले.