आज काय निघालं

जानरावने डबीत दोन बोटं घातली, एक चिठ्ठी उचलली, उलगडून वाचली आणि पायात घातलेली चप्पल पुन्हा काढून ठेवली. चुलीपुढे बसलेल्या साधनाने भाकर तव्यावर आपटली.

"काय निंगालं?"

"शांत राहा, असं हाय."

चर्चच्या मंडळीतल्या बहुतेक घरांत तशी डबी होती. पवित्र शास्त्रातली वचनं छापलेल्या बारक्या चिठ्ठ्या. सकाळी प्रार्थना झाली की एक काढायची आणि दिवसभर मनात धरायची, एवढंच तिचं काम. पण माणूस काय करणार हे देवाला आधीच ठाऊक असतं, असं पाळकसाहेब एका रविवारी बोलून गेले आणि तेव्हापासून जानरावने स्वतःचं डोकं खुंटीला टांगलं. शेळी सुटून शेजाऱ्याच्या तुरीत शिरली, तरी हा म्हणाला, "देवाले ठाऊकच होतं."

"देवाले शेळी ठाऊक होती," साधना म्हणाली होती, "तुमाले दावं ठाऊक नव्हतं काय?"

शेळीचं एक वेळ चालून गेलं. पण तिकडे मानोऱ्याजवळच्या बंजारा तांड्यात त्यांच्या पोरीला, पौर्णिमाला, नववा लागला होता. नवरा, सासू, सासरे ऊसतोडीला गेलेले. घरात ती आणि कानाने अधू झालेली आजेसासू हिरीबाई. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तांड्यातल्या पोराशी लग्न केलं म्हणून 'माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नको' हे जानरावच बोलला होता. आणि पोरगी हट्टात बापाच्या वरताण. बाबा स्वतः न्यायला आले तरच येईन, म्हणाली. आई दोनदा जाऊन रिकाम्या हाताने परत आली. जानराव मात्र वचनाची वाट पाहत होता. 'जा' असं निघालं की जाणार. या माणसाला आता सांगावं तरी काय, या विचाराने साधनाच्या जिवाची नुसती तगमग व्हायची.

हात धुऊन ती वळली, तर जानराव चिठ्ठी गुंडाळून परत डबीत टाकत होता. असं तो कधी करत नसे. त्याने दुसरी काढली. ती दशांशाची, मिळकतीचा दहावा वाटा देवाला देण्याची निघाली. तीही आत गेली. तिसरी वाचताना त्याचे ओठ हलले आणि बोटं पुन्हा डबीकडे वळली.

साधनाने डबीवर तळहात ठेवला.

"देवावर सोडलेला मानूस एवढ्या चिठ्ठ्या काढत नाही. तुमाले जाचं हाय."

"तसं वचन कुठी निंगालं?"

"निंगाचं बी नाही."

जानरावने बोटं मागे घेतली.

"मी जाईन का नाही, हे त्याले ठाऊक हाय ना? मंग सांगत काहून नाही तो?"

"सांगतलं तं तुमी पोरीले जाऊन सांगसान, देवानं धाडलं. तिले बाप पायजे. धाडलेला मानूस घेऊन काय करते ते?"

तो उठून आत गेला. साधना कपाळाला हात लावून तव्यावरच्या करपलेल्या भाकरीकडे पाहत बसली, तेवढ्यात फोन वाजला.

"आज काय निंगालं मंग, आई?" पौर्णिमाने रोजच्याच वैतागाने विचारलं.

साधनाने दाराबाहेर पाहिलं. सदऱ्याची बटणं लावत जानराव एसटीच्या थांब्याकडे झपाझपा चालला होता.

"वचन नाही निंगालं, बाई," ती म्हणाली. "तुहा बाप निंगाला."