पॉलिश वाळेपर्यंत

आपण काय करून बसलोय हे दारवाल्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांच्या हातातलं फडकं आपोआप गळून पडलं.

टेबल देखणं झालं होतं, त्यात वाद नाही. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ऐसपैस पसरलेलं, दोन्ही अंगांना जमिनीपर्यंत टेकलेले खण, पुढूनही खालपर्यंत बंद फळी, एक खिळा नाही की एक स्क्रू नाही, सगळे सांधे खाच पाडून सरसाने बसवलेले. वरची फळी तर अशी चकाकत होती की दारवाल्यांना त्यात स्वतःचा वासलेला जबडा दातांसकट दिसत होता. भानगड एवढीच, की खोलीचं दार टेबलाच्या पलीकडे होतं आणि दारवाले अलीकडे, भिंतीला पाठ लावून. सकाळी कोऱ्या फळीवरून रांगत ते आत आले होते, आतली कड घासायला. कड घासली, म्हटलं जरासं पॉलिश मारून बघू, आणि एकदा हात चालायला लागला की दारवाल्यांचं डोकं सुट्टीवर जातं. भानावर आले तेव्हा अख्खी फळी ओली. बोट टेकलं तरी ठसा उठणार, आणि वाळायला संध्याकाळ होणार.

"अगं ए! जरा इकडे ये!"

बायको आली. तिने टेबल बघितलं, नवरा बघितला, आणि पोट धरून लाकडाच्या ढिगावरच बसली.

"अहो, जन्मभर लोकांना दारं करून दिलीत, आणि स्वतःला एक ठेवता आलं नाही?"

"हसू नकोस. उडी मारता येईल का सांग."

"तुमची उडी? त्यापेक्षा टेबलाला चालायला शिकवू."

"आणि दुपारी ते लोक येणारेत, त्यांचं काय?"

"काय म्हणजे? मालक जागेवर आहेत म्हणून सांगते. खोटं थोडंच आहे?"

हे सगळं घडवून आणलं होतं ध्येयमास्तरांनी. दर रविवारी ते एका हॉलमध्ये दुकानदारांना गोळा करून ध्येय म्हणजे काय ते घसा बसेपर्यंत सांगायचे. "ध्येयातली एक वस्तू आधी घरात आणा," असं त्यांचं म्हणणं, "बाकीचं ध्येय तिच्या मागून चालत येतं." त्यावर विश्वास ठेवून बेकरीवाल्याने मोटारीच्या किल्लीची साखळी घेतली होती, आणि ती बोटात गरगर फिरवत तो अजून बसने जायचा. दारवाल्यांनी मालकाचं टेबल करायला घेतलं. ध्येय ठरलं होतं, तीन मजली शोरूम! हे वर्कशॉप बंद, मशीनं विकून टाकायची, दारं कारखान्यातून तयार यायची, आणि दारवाल्यांनी नुसतं बसायचं. आज मास्तर शोरूमच्या जागेच्या मालकीणबाईंना घेऊन येणार होते. दारवाल्यांनी एकदा हो म्हटलं की झालं. बायकोला विचारलं तेव्हा ती "तुमचं ध्येय, तुम्ही बघा," म्हणाली आणि कूस बदलून झोपली होती.

नाइलाजाने दारवाले खुर्चीत बसले. चाकांची, गोल फिरणारी खुर्ची. एकदा फिरून झालं. दुसऱ्यांदा फिरून झालं. मग फिरण्यासारखं काही उरलं नाही.

तेवढ्यात बाहेर एक गिऱ्हाईक आलं. दंतवैद्यबाई. त्यांच्या दवाखान्याचं दार फुगलं होतं, दोन माणसांनी उचलून आणलं होतं.

"मालक कुठायत?" त्यांनी विचारलं.

"आतच आहेत. पण आज ते फार वरच्या पदावर आहेत," बायको म्हणाली. "दार ठेवा, मी बघते."

आणि दारवाल्यांना रंध्याचा आवाज आला. सर्रर्र, सर्रर्र, खट्.

"अगं, उलट्या अंगाने चालवतेयस!" ते ओरडले. "खालून धर! खालून!"

"मालकांनी ओरडायचं नसतं!"

"माझ्या हाताला मुंग्या येतायत, मला तो रंधा दे!"

"कसा देऊ? फेकू?"

दुपारपर्यंत तिने दार घासून दिलं, दोन नव्या दारांची कामं घेतली, आणि उधारी मागणाऱ्याला असं गोड बोलून वाटेला लावलं की तो जाताना आभार मानून गेला. दारवाले ऐकत होते आणि थक्क होत होते. हे सगळं ती कधी शिकली? जेवण तिने एका लांब फळीवर ठेवून आत सरकवलं, भट्टीत पाव सरकवतात तसं.

"अगं, आणि... लागली तर?"

"मोठ्या मालकांना लागत नाही," ती म्हणाली. "दाबून धरा. हेच तर ध्येय."

दुपारी मास्तर आले. मागे मालकीणबाई, हातात छत्रीएवढी पर्स. टेबल बघून मास्तरांचे डोळे भरून आले.

"बघा बाई, बघा! हा माणूस आधी मालक झालाय, आता फक्त शोरूम यायचंय!"

"मास्तर, थांबा, तिथे..."

"थांबायचे दिवस गेले, दारवाले! हे आहे ध्येय!" असं म्हणून मास्तरांनी दोन्ही तळवे धाडकन टेबलावर आपटले.

मास्तरांनी हात उचलले तेव्हा चट् असा चिकट आवाज झाला. आरशासारख्या फळीवर दहा बोटं. बायकोने तोंडावर हात ठेवला. आता नवरा एक तर रडणार, नाहीतर मास्तरांच्या अंगावर जाणार.

दारवाले मात्र ठशांकडे बघत राहिले. मग त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडले, "म्हणजे आता पुन्हा घासावं लागणार."

आवाजात एवढा आनंद होता की त्यांचे तेच दचकले.

"पुन्हा घासावं लागणार!" ते खुर्चीवरून उठले. "मास्तर, अजून कुठे हात लावायचे असतील तर लावून घ्या!" आणि गुडघे टेकून, पॉलिशचा चिखल तुडवत, ते टेबलावरून सरळ रांगत बाहेर आले. कुणाशी न बोलता आधी मोरीकडे धावले. परत आले ते हातात पॉलिश पेपर घेऊनच.

"बाई, माफ करा. जागा मला नको," ते म्हणाले. "मला तिथे बसवत नाही. अर्ध्या दिवसात जीव गेला माझा."

मास्तर पांढरेफटक पडले. "अहो, पण मग हे टेबल? ही खुर्ची? मालक कोण होणार?"

"मी," बायको म्हणाली.

फळीचं वाटोळं झालंच होतं. तिने साडी खोचली, टेबलावरून पलीकडे गेली आणि खुर्चीत अशी बसली जणू खुर्ची तिच्या मापानेच केली होती.

"बसा बाई. तीन मजले नकोत, खालचा एकच द्या. दारं यांनी इथे केलेलीच विकायची. कारखान्यातलं एकही आणायचं नाही."

दारवाल्यांच्या हातातला पेपर खाली पडला. "अगं, तुला... कधीपासून?"

"पहिल्यापासूनच हवं होतं. मास्तरांकडे तुम्ही जात होता, माझं ध्येय मला कुणी विचारलं?"

मालकीणबाईंनी पर्स उघडून चष्मा काढला, लावला, आणि पहिल्यांदाच हसल्या. "हिच्याशी बोलता येईल," त्या म्हणाल्या. "एक मजला तर एक मजला. टेबल न्यायला उद्या टेम्पो पाठवू?"

दारवाल्यांनी टेबलाकडे बघितलं. मग खोलीच्या दाराकडे. त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेलं, अरुंद, एका माणसापुरतं दार. मग सगळ्यांनीच बघितलं.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "माप नव्हतं घेतलं?"

"टेबलाचं घेतलं होतं ना!"

"आता?"

दारवाल्यांनी कानामागची पेन्सिल काढली. चेहरा असा उजळला होता की मास्तरांना वाटलं, यांना वेड लागलं.

"मोठं दार करतो," ते म्हणाले आणि भिंतीवर रेघ मारायला धावले.