सतरावा अंक

तेवीस वर्षं मी लोहखनिजाच्या खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होतो. ट्रक काट्यावर चढला की ड्रायव्हर काय सांगतो ते ऐकायचं नाही, काटा काय सांगतो ते बघायचं, एवढीच नोकरी. एकाने वजन वाढवायला क्लीनरला ताडपत्रीखाली झोपवला होता. तो शिंकला म्हणून सापडला. पुढे खाणी बंद पडल्या, काटा गंजला, नोकरी गेली. संशय तेवढा माझ्याकडे राहिला. माझी बायको गौरवी म्हणते, ‘गोकुळदास, तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खाता.’ घेतो. गेल्या वर्षी साखर ओली होती.

मला एकच शौक आहे. लहानपणीची चित्रकथांची पुस्तकं जमवायची, आणि तीही रास्त भावात. त्यातही एकच मालिका, ‘पाणबुड्या राजन’. सवा रुपयाची, तीस अंकांची, नंतर बंद पडलेली. माझ्याकडे एकोणतीस अंक आहेत. सतरावा नाही.

तो का हवा, ते सांगतो. सोळाव्या अंकाच्या शेवटी राजन समुद्राच्या तळाशी बुडालेल्या गलबतात अडकतो. दार बंद, नळीतली हवा संपत आलेली, आणि खाली ‘पुढील अंकी’. मी तेव्हा पाचवीत होतो. डिचोलीच्या दुकानात सतरावा अंक आलाच नाही, एकदम अठरावा आला. त्यात राजन होडीवर बसलेला, ओलाचिंब, हसतोय, दोन्ही तळवे पुढे पसरलेले. तो बाहेर कसा आला? त्याबद्दल अवाक्षर नाही. आज मी बासष्ट वर्षांचा आहे आणि हा माणूस पाण्याबाहेर कसा आला हे मला ठाऊक नाही. हसायचं त्याने हसावं.

लहानपणीचा तो अठरावा अंक वाळवीने खाल्ला. आत्ताचा मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतला. राजनच्या दोन्ही तळव्यांवर तांबडी शाई फासली गेली होती. तो छपाईचा दोष दाखवून मी दहा रुपये कमी करून घेतले.

माझी पद्धत ठरलेली आहे. जुनी चप्पल घालून जायचं. हवं ते पुस्तक शेवटी हातात घ्यायचं, तेही तोंड वाकडं करून. मालाला नावं ठेवायची. पहिल्या फेरीत कधीच विकत घ्यायचं नाही, उठून चालू लागायचं. आठ दिवसांनी भाव आपोआप खाली येतो. ही पद्धत एकदाच मोडली. फोनवर बघून सातशे रुपयांना सतरावा अंक मागवला आणि घरी आला तो चहात बुडवून उन्हात वाळवलेला ताजा कागद. वरचं चित्र खरं, आत भलत्याच कथा. आठवडाभर मी जेवताना बोललो नाही. तेव्हापासून प्रत्येक पान उजेडासमोर धरून बघतो.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. गौरवीची मावसबहीण सेजल कोरगावात असते. तिचा फोन आला की शेजारच्या कमलवहिनींनी दिवाळीसाठी कपाट साफ करायला काढलंय, त्यात तुमची ती पाण्यातल्या माणसाची पुस्तकं आहेत, वीस रुपयांना एक देतात.

वीस रुपये! फोनवर लोक सतराव्या अंकाचे अडीच हजार मागतात. हे ऐकून दुसरा कोणी नाचला असता. मला घाम फुटला. इतकं स्वस्त म्हणजे यात काहीतरी काळंबेरं असणार.

तरी गेलो. डिचोलीहून कोरगाव म्हणजे स्कूटरवर तासाहून जास्त. कमलवहिनी सोप्यावर बसून पोहे निवडत होत्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, मूळ सावंतवाडीकडच्या.

“येवा, बसा. च्या घेतास मां?”

चहा घेतला. फुकटच्या चहामागे काय असेल याचा विचार करत घेतला. त्यांनी आतून पुस्तकांचा गठ्ठा आणला, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. बारा अंक होते. वरून चौथा सतरावा होता.

माझ्या छातीत जे काही झालं ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

“आमच्या ह्येंची पुस्तकां ही,” वहिनी म्हणाल्या. “ते गेले त्येका चार वर्सां झाली. पयल्यापासून आमच्याच घरात असत. ते सांगत, ‘कमळे, ह्येका मोल असा. जाणतो मनीस इलो तर देय, पण लुटू नको.’ म्हणान वीस रुपये. पण सगळी एकदम न्हेवा. फोडून नको.”

सगळी एकदम! बारातली अकरा माझ्याकडे आहेत. ती मी कशाला घेऊ? मी आधी नववा अंक बघितला, मग तिसरा, आणि मग कंटाळा आल्यासारखा सतरावा उचलला.

“जनेलाकडेन जावा, थंय उजेड असा,” त्या म्हणाल्या.

खिडकीपाशी पान उजेडासमोर धरलं. कागद जुनाच होता. पिना गंजलेल्या, गंज कागदात मुरलेला. मग पिनांच्या घडीत नख घातलं आणि ते तांबडं झालं.

कोरगावची मातीही तांबडीच, पण तेवीस वर्षं खनिज तोलणाऱ्या माणसाला कोण फसवणार? ही माती नव्हती. खनिजाची धूळ जड असते, बोटाला चिकटली की चमकते. ती शिरगावच्या खाणीवर सापडेल, आमच्या डिचोलीत सापडेल. कोरगावात भात आणि काजू. इथल्या कपाटात ती कशी येईल? म्हणजे पुस्तक आमच्या बाजूचं. म्हणजे ‘पयल्यापासून आमच्याच घरात’ हे खोटं. म्हणजे कुणीतरी व्यापारी मागे आहे, म्हातारी बाई पुढे बसवलीय, आणि उद्या पोलीस येऊन विचारणार की हा चोरीचा माल तुम्ही कसा घेतलात.

राजन कसा सुटला ते त्याच वेळी वाचता आलं असतं. दोन मिनिटांचं काम. पण वाचायला लागलो असतो तर तोंडावर दिसलं असतं, आणि वीसचे दोनशे झाले असते. मी अंक मिटून गठ्ठ्यात ठेवला.

“वयनी,” मी म्हटलं, “आतां हीं कोण वाचता? रद्दी ती. नरकासुराच्या पोटात घालूंक बरी.”

आमच्याकडे कुठल्याही जुन्या कागदाबद्दल असंच बोलतात. दिवाळीच्या आधी वाड्यावाड्यावर पोरं नरकासुर उभा करतात. लाकडाचा सांगाडा, आत गवत, वरून खळीने चिकटवलेली रद्दी, मग रंग. चतुर्दशीच्या पहाटे जाळायचा. त्या दिवसांत पोरं दारोदार रद्दी मागत फिरतात.

वहिनींचा चेहरा उतरला. “रद्दी?”

“मी जमवतां तीं, माका कळना?” मी म्हटलं आणि उठलो. पद्धतीप्रमाणे फाटकापर्यंत हळूहळू चालत गेलो. परत हाक मारतील म्हणून. हाक आली नाही. भलतीच मुरलेली बाई, असं मला वाटलं.

आठ दिवस मी कसे काढले ते गौरवीला विचारा. मनात हिशेब चालू होता. चोरीचा असेल तर घ्यावा का? नसेल तर धूळ कुठून आली? शेवटी ठरवलं की बारा अंकांचे दीडशे सांगायचे, दोनशे चाळीसवर थांबायचं. आणि घरी येईपर्यंत वाचायचं नाही, वाटेतल्या पुलावर स्कूटर थांबवूनसुद्धा नाही.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी पुन्हा कोरगावात पोचलो. वहिनींच्या घराच्या अलीकडे तिठ्यावर नरकासुर उभा होता, वीस फुटांचा. छाती निळी रंगवून झाली होती, पायांवर अजून कागदच होते. पोरं जेवायला गेली असावीत. मी सहज बघत पुढे चाललो होतो आणि थांबलो. नरकासुराच्या डाव्या मांडीवर पाणबुड्या राजन पोहत होता.

मी जवळ गेलो. गुडघ्यावर नववा अंक, पोटरीवर तिसरा. मांडीच्या आतल्या बाजूला, निळ्या रंगाच्या ओघळाखाली, बुडालेल्या गलबताचं दार. ते चित्र मी कधीच पाहिलेलं नव्हतं. म्हणजे सतरावा! दाराच्या फटीतून एक हात वर गेलेला, आणि त्या हाताच्या वर रंग. मी नखाने रंग खरवडायला लागलो. खळ ओली होती. कागद रंगासकट लगदा होऊन हातात आला.

“ओ काका! कितें करतात?”

तिशीतला एक गडी धावत आला, मागे आणखी दोघे. साईश त्याचं नाव, मंडळाचा प्रमुख. “खंयचे तुमी? सकयल्या वाड्यान धाडले काय? आज रातीं स्पर्धा आसा आणि तुमी आमच्या नरकासुराची मांडी फोडतात?”

मी खालच्या वाड्याचा नाही, पुस्तकासाठी आलोय, असं सांगायला गेलो. बासष्ट वर्षांचा माणूस नरकासुराच्या मांडीवरची चित्रं वाचत होता, यावर कोण विश्वास ठेवणार? मी ठेवला नसता. एकाने माझ्या स्कूटरची किल्ली काढून घेतली, दुसरा माझी पिशवी उघडून आत रंग किंवा ब्लेड आहे का ते बघायला लागला.

गडबड ऐकून कमलवहिनी आल्या. “सोडा त्येंका,” त्या म्हणाल्या. “भलो मनीस तो. माका खरां सांगलां ता त्येंनीच.”

किल्ली मिळाली. मी त्यांच्या मागून सोप्यावर गेलो. माझ्या नखांत निळा रंग होता.

“दिलंय मी ती पोरांका,” त्या म्हणाल्या. “तुमी सांगलास मां, नरकासुराक बरी म्हणान. दुसऱ्या कोणी सांगला असता तर मी आयकूक नसतंय. पण तुमी जाणते. रद्दीचे पैशे मागलंय ह्याची माका लाज वाटली.” मग त्या म्हणाल्या, “ह्येंचां पण वायट वाटलां. शिरगावच्या खाणीर ट्रक चालवत. लायनीत चार-चार तास रवाचां लागा, तेवा वाचत बसत. सुटयेक घराक हाडत आणि माका वाचून दाखवत. जल्मभर सांगत होते, मोल असा, मोल असा. खुळे होते काय, म्हणान आठ दिस इचार करतंय.”

शिरगावची खाण. ट्रकच्या केबिनमध्ये वाचलेलं पुस्तक. त्यांचा नवरा कदाचित माझ्याच काट्यावरून शेकडो वेळा गेला असेल. एक प्रश्न विचारला असता तर मला धुळीचं उत्तर मिळालं असतं. मी नखाकडे बघितलं, बाईला विचारलं नाही.

मला गप्प बसता आलं असतं. त्या मला भला माणूस समजत होत्या, आणि पुस्तकं तर गेलीच होती. पण मेलेल्या माणसाला माझ्या भावतावापायी खुळा ठरवलेलं मला सोसवेना. खरंच सोसवेना.

“वयनी, मी खोटां सांगलां,” मी म्हटलं. “भाव पाडूंक. ते खुळे नासले. त्या एका पुस्तकाचे लोक अडीच हजार मागतात.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. काट्यावर चढलेल्या प्रत्येक ट्रककडे मी तसाच बघायचो. मी खिशातून दोनशे चाळीस रुपये काढले.

“ह्ये कसले?” त्या म्हणाल्या. “माल खय असा?”

मी पैसे परत खिशात ठेवले. त्यांनी तिठ्यावरच्या नरकासुराकडे बघितलं. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, “म्हणजे ते खरांच सांगत होते.” आणि माझ्याकडे वळून, “ह्या एका पुस्तकात काय होतां असां?”

मी सांगितलं. पाचवीपासूनचं सगळं सांगितलं. गलबत, बंद दार, संपत आलेली हवा. सांगताना माझा आवाज लहान पोरासारखा झाला असावा, कारण त्यांच्या चेहऱ्यावरचा राग जरा सैल झाला.

“तां होय? तां माका ठावक असा,” त्या म्हणाल्या. “धा येळा वाचून दाखवलेलां. वरसून एक दोरी येता. कोणी सोडली ती त्येका दिसणा नाय. दुश्मनाची पण आसात. त्येच्याकडे इचार करूक येळ नसता. तो धरता. हात सोलान निघतत, रगत येता, पण सोडणा नाय. तसोच वर येता.”

“आणि दोरी कोणाची?”

“तां सांगूक नाय शेवटपर्यंत,” त्या म्हणाल्या आणि पोहे निवडायला आत गेल्या. मला चहा विचारला नाही.

परतताना सगळा रस्ता माझं डोकं चालू होतं. असं असतं का कुठे? दोरी कोणाची तेच सांगत नाहीत? चिडलेली बाई, तिचं माझ्यामुळे नुकसान झालेलं, ती मला खरं कशाला सांगेल? बसल्या बसल्या काहीतरी रचून दिलं असेल. नवऱ्याने वाचून दाखवलं म्हणते, म्हणजे तिला स्वतःला वाचताही येत नसणार.

घरी पोचलो तेव्हा गौरवी अंगणात रांगोळी काढत होती. “मिळालं?” तिने विचारलं. मी चप्पल न काढताच आत गेलो, कपाट उघडलं आणि अठरावा अंक काढला. पहिलं पान. होडीवर बसलेला राजन, ओलाचिंब, हसतोय, दोन्ही तळवे पुढे पसरलेले. मी पान दिव्यासमोर धरलं. तळव्यांवरची तांबडी शाई फासलेली नव्हती. दोन्ही हातांवर सारख्याच आडव्या रेघा होत्या, एकेक करून काढलेल्या.

वहिनींनी अक्षर न अक्षर खरं सांगितलं होतं. आणि मी चपलांसकट घरात शिरून ते तपासून पाहिलं होतं.