मंगळवारचे खोटे आकडे

"तुम्हाला किती घ्यायचंय?" ब्रेमरबाईंनी पहिल्याच मंगळवारी विचारलं, आणि मला वाटलं, बाई थट्टा करताहेत.

सव्वीस वर्षं मी नशा करतोय. या सव्वीस वर्षांत डॉक्टरांनी, न्यायाधीशांनी, माझ्या आईनं, दोन बायकांनी मला एकच गोष्ट सांगितली होती: सोड. चार वेळा सोडलंही. चारही वेळा इस्पितळाच्या फाटकातून निघून फ्रँकफर्टच्या स्टेशनासमोरच्या गल्ल्यांत पोचायला मला तासभरही लागला नाही. पण तुझ्या मनात किती आहे रे बाबा, असं कुणी विचारलं नव्हतं.

"आठ," मी म्हणालो. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"आणि आत्ता किती होतात?"

"चौदा." हेही खोटंच होतं. मोजले कुणी होते?

मी कोकेनचे खडे ओढतो. एक खडा पाइपमध्ये टाकला की सात-आठ मिनिटं जग आपलं असतं, आणि नवव्या मिनिटाला आपण फरशीवर गुडघे टेकून पांढरा कण शोधत असतो. तो बहुतेक वेळा पावाचा चुरा निघतो. हे माहीत असूनही आपण शोधतोच. मंगळवारी अकरा वाजता त्या टेबलाशी दीड तास बसणं म्हणजे मला शिक्षा होती. माझा पाय आपोआप हलायचा, टेबल थरथरायचं आणि सगळ्यांच्या कपातली कॉफी डुचमळायची.

"पाय आवर," गेझीने म्हणायची. "समुद्रात बसल्यासारखं वाटतंय."

गेझीने म्हणजे माझ्याबरोबर राहते ती. नशा सोडायच्या नव्हे, मोजून कमी करायच्या या बारा आठवड्यांच्या वर्गात तिनंच दोघांची नावं घातली होती. तिला कवळी बसवून घ्यायची होती. वरचा एकही दात उरला नव्हता. दंतवैद्यानं सांगितलं होतं, तीन दुपारी काही न घेता या आणि खुर्चीत तासभर शांत बसा. तेवढ्या तीन दुपारी मिळवायला ती इथे आली होती. मी आलो, कारण ती आली होती.

प्रत्येकाला एक वही मिळाली. रोज सकाळी लिहायचं: आज जास्तीत जास्त किती. मग प्रत्येक वेळी, घेण्याआधी, लिहायचं: किती वाजता, कुठे, कुणाबरोबर, कशामुळे. घेण्याआधी, नंतर नाही. ब्रेमरबाई यावर अडून होत्या. "तेवढी दोन मिनिटं तुमची आहेत," त्या म्हणायच्या. "त्यात तुम्ही ठरवता. नंतर खडा ठरवतो." बाई पन्नाशीच्या, आवाज घोगरा, गळ्यात दोरीला चष्मा. कुणी आकडा सांगितला की चेहऱ्यावर काही उमटायचं नाही, पाचाचाही नाही आणि पंचविसाचाही नाही. मला त्याची भीती वाटायची. सरकारी माणसाचा चेहरा कोरा असला की मागून नोटीस येते, हा माझा अनुभव.

आम्ही सहा जण होतो. त्यातला ऑर्टविन सगळ्यात मोठा, वयानं आणि अंगानंही. अठ्ठावन्न वर्षांचा, पूर्वीचा ट्रक ड्रायव्हर. लिस्बनपासून रीगापर्यंतचे सगळे रस्ते त्याला पाठ होते. त्याची हेरॉइनची सुई होती, दिवसाला चार. त्याला दोनवर यायचं होतं.

"कशासाठी?" बाईंनी विचारलं.

ऑर्टविननं स्वतःच्या पंज्यांकडे पाहिलं. "मला बघायचंय," तो म्हणाला, "गाडी अजून मी चालवतोय, का मी नुसता मागं भरलेला माल आहे."

दुसऱ्या आठवड्यापासून मी वही खोटी लिहायला लागलो. मंगळवारी सकाळी, न्हाणीघरात, सात दिवसांचे आकडे एकदम. अक्षर वेगवेगळं दिसावं म्हणून दोन पेनं. अकरा, दहा, दहा, नऊ. गेझीनेनं दारातून पाहिलं.

"शाळेत गृहपाठ असाच करायचास का?"

"तू तुझं बघ."

"मी बघतेच आहे. काल माझे सतरा झाले. सतराच लिहिलेत."

"मग हाकलतील तुला."

"कुठून हाकलतील, फोल्कमार? खुर्चीवरून?"

तिनं सतरा वाचून दाखवले, तेव्हा बाईंनी विचारलं की त्या दिवशी सकाळी काय झालं होतं. दंतवैद्याचा फोन आला होता, पुढची तारीख पडली होती. बाईंनी मान हलवली, दोघींनी मिळून ठरवलं की फोन आला तर आधी खाली दुकानात जाऊन पाव आणायचा. बस, एवढंच. माझा विश्वास बसेना. हा सापळा आहे, मी मनात म्हणालो, आज नाही तर उद्या बंद होईल.

चौथ्या आठवड्यात मी गुरुवारच्या रकान्यात शून्य टाकलं. दिवसभर शून्य. वाचलं तेव्हा सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी टेबल ठोकलं, आमच्याकडे शाबासकी अशीच देतात. टेबल ठोकून कुणी माझं कौतुक करायची ही छापखान्यातली नोकरी गेल्यानंतरची पहिलीच वेळ. मला ते आवडलं. लाज वाटली नाही, हे खरं सांगतो. गेझीने खिडकीबाहेर बघत होती.

ऑर्टविननं मला जिन्यात गाठलं.

"कसं केलंस रे?"

"काय?"

"शून्य. मी चाराचे साडेतीन करताना मरतोय, आणि तू सरळ शून्य."

मला तिथेच सांगता आलं असतं. मी म्हणालो, "एकदम तोडायचं. दार बंद करून पडून राहायचं. दोन दिवस त्रास होतो, तिसऱ्या दिवशी सुटतो."

हे मी कुठून आणलं कोण जाणे. बाईंनी तर दोनदा बजावलं होतं की हेरॉइनवाल्यांनी मनानं एकदम तोडू नये, खाली यायचं ते थोडं थोडं, आणि खंड पडलाच तर नंतर जुना डोस कधीही घेऊ नये, शरीर तो विसरलेलं असतं. ऑर्टविननं ते ऐकलं होतं. पण बाईंनी कधी सुई टोचली नव्हती, आणि मी आतला माणूस होतो.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. "बेघरांच्या निवाऱ्यात पडून आहे," कुणीतरी म्हणालं. "घामानं गादी भिजलीय, पण घेत नाही म्हणतो." ब्रेमरबाईंनी लगेच उठून फोन लावला. माझा पाय हलत राहिला. त्या दिवशी गेझीनेही मला आवर म्हणाली नाही.

दोन दिवसांनी, गुरुवारी, दुपारी दोनच्या सुमारास मी खोलीत होतो. खोली म्हणजे आपला माल आपण आणायचा आणि नर्सच्या नजरेसमोर, स्वच्छ सामानानं घ्यायचा, अशी जागा. सुईवाल्यांची टेबलं बाहेर. आम्ही धूरवाले काचेच्या खोक्यात, डोक्यावर घरघरणारा पंखा. माझा दिवसातला नववा खडा चालला होता. वहीत त्या दिवसापुढे शून्य आधीच लिहून टाकलं होतं.

दार उघडलं आणि ऑर्टविन आत आला.

मी त्याला आधी ओळखलंच नाही. गाल आत गेलेले, दाढी वाढलेली, कोट खांद्यावरून लोंबत होता. सहा दिवसांत माणूस एवढा कमी होतो. तो टेबलाशी बसला, सामान मांडलं, वर पाहिलं, आणि काचेपलीकडे मी.

हातात पाइप, हातात लायटर. गुरुवार.

तो काहीतरी बोलला. काचेतून ऐकू आलं नाही, नुसते ओठ हलले. मग त्यानं मान खाली घातली आणि चमच्यात पुडी रिकामी केली. अर्धी नाही. सगळी. तो काय करतोय हे मला कळत होतं. सहा दिवसांचा खंड, आणि जुना डोस. मला कळत होतं, आणि लायटरची ज्योत पाइपला लागलेली होती, आणि मी आधी तो दम पुरता आत ओढला.

किती सेकंद गेले असतील? दहा? पंधरा? ते अजून माझ्या छातीत आहेत.

मग मी काचेवर दोन्ही हातांनी आपटायला लागलो. तोवर त्याची मान कलली होती. डोरिस नावाची नर्स माझ्याकडे धावली, तिला वाटलं मलाच काही झालं. "तो! तिकडे, तो!" मी ओरडत होतो. ती वळली. ऑर्टविन खुर्चीवरून घसरून फरशीवर आला, ओठ निळे. तिनं त्याला उताणं केलं, तोंडावर मास्क दाबला, पिशवी दाबून हवा भरायला लागली. दुसरा एक जण त्याच्या नाकात औषधाचा फवारा मारत होता. "श्वास घ्या, ऑर्टविन, श्वास घ्या," डोरिस म्हणत होती, अगदी शांतपणे, बसची वाट सांगावी तशी. मी खोक्याच्या दाराशी उभा.

त्यानं श्वास घेतला. अॅम्ब्युलन्सवाले त्याला घेऊन गेले.

मी चालत सुटलो. माइन नदीच्या काठानं पूर्वेकडच्या बंदरापर्यंत, तिथून परत, पुन्हा बंदरापर्यंत. वाटेत दोनदा ओढलं, आणि पहिल्यांदाच, का कोण जाणे, ओढायच्या आधी वही काढून लिहिलं. वेळ. जागा: पुलाखाली. कुणाबरोबर: एकटा. कशामुळे, या रकान्यात लिहिलं: ऑर्टविन.

घरी गेझीने टेबलाशी बसली होती. मी सगळं सांगितलं. दमाचंही सांगितलं.

"माझंही चुकलं," ती म्हणाली. "मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. म्हटलं, तुझी वही, तू बघ."

"आता काय करू?"

"काय करू काय? मंगळवारी जाऊन बोल."

"तो आला तर?"

"आला तर त्याच्यासमोर बोल."

तो आला. इस्पितळाची पट्टी अजून मनगटावर होती. माझ्या बरोबर समोर बसला आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, आधीचे सगळे आकडे खोटे आहेत. चौदाही खोटा, शून्यही खोटं. गेल्या गुरुवारपासून खरे लिहिलेत. आणि वाचले. एकोणीस, बावीस, एकोणीस, अठरा, एकवीस. कुणी टेबल ठोकलं नाही.

"एकोणीस," ऑर्टविन म्हणाला. आवाज बारीक आला होता. "हरामखोरा, मी तुझ्या शून्यामागं धावत होतो."

"हो."

"मी स्वतःला म्हणत होतो, तो छापखान्यातला काडीपहिलवान करतोय, आणि तुला जमत नाही होय रे म्हाताऱ्या? सहा दिवस! सहा दिवस मी भिंतीला डोकं आपटलं!"

"हो," मी पुन्हा म्हणालो.

"हो हो काय करतोस? घंटा आहेस का?"

कुणीतरी हसलं. तो नाही हसला.

ब्रेमरबाईंनी चष्मा काढला. "त्या शून्याच्या दिवशी मी प्रश्न विचारायला हवा होता," त्या म्हणाल्या. "कसं जमलं, किती वाजता सगळ्यात अवघड गेलं. इतर आकड्यांना विचारते, तसंच. मीही खूश होऊन बसले. ती चूक माझी." मग माझ्याकडे वळून, त्याच कोऱ्या चेहऱ्यानं: "एकोणिसातला कोणता एक तुम्हाला नको होता?"

मी विचार केला. खरंच केला. सकाळचा पहिला, उठल्या उठल्या, डोळेही न उघडता घेतलेला. तो मला कधी आवडतही नव्हता.

तिथून सुरुवात झाली. नऊच्या आधी नाही. मग दहाच्या आधी नाही. उठल्यापासून दहापर्यंतचा वेळ मी कसा काढला ते मलाच माहीत; भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली, गेझीनेला दंतवैद्याकडे पोचवलं, बाहेर फेऱ्या मारल्या, आत तिच्या तोंडात साचा बसत होता तोवर रस्त्यावरच्या झाडांच्या गोल जाळ्या मोजल्या. काही दिवस जमलं नाही. तेही लिहिलं. बारा आठवडे संपले तेव्हा माझे तेरा होते, रविवारी सात. लोकांना सांगितलं तर हसतील. माझ्या भावाला सांगितलं, तो म्हणाला, "म्हणजे अजून घेतोसच ना?" घेतोच.

ऑर्टविन आता रोज सकाळी डॉक्टरांच्या नजरेसमोर हेरॉइनऐवजी देतात ते औषध पितो. वर कधी एक सुई, कधी आठवडाभर एकही नाही. त्या मंगळवारनंतर तीन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या आठवड्यात फोन आला, शनिवारी दुपारी.

"काय करतोस?"

"पडद्याचे धागे उपटतोय."

"मला खाजवल्यासारखं होतंय सगळीकडे. खाली ये."

"तू मला माफ केलंस का?"

"नाही. खाली ये म्हणतोय ना!"

मी गेलो. तो भराभर चालत होता, एवढा जाड माणूस, मला जवळजवळ पळावं लागत होतं. बाजारात त्यानं दोन सॉसेज घेतले, मोहरी लावून. माझ्याच्यानं अर्धाच गेला. उरलेला त्यानं माझ्या हातातून काढून घेतला, खाल्ला, बोटं कोटाला पुसली, आणि आम्ही तसेच पुढे नदीकडे निघालो.