पुठ्ठ्याआडचा फासा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फासा आहे. माझे ठिपके पुसट झाले आहेत आणि कडाही झिजल्या आहेत.

ताई आणि टिल्लू या भावंडांचे मामा सुतार होते. टेबलाच्या पायाचा एक तुकडा उरला होता. त्यातून त्यांनी मला कापले, घासून गुळगुळीत केले आणि तापल्या तारेने ठिपके डागले.

मुलांचे बाबा शिंपी होते. दुपारी ते जेवायला गेले की कापड बेतायच्या त्यांच्या मोठ्या टेबलाची रणभूमी व्हायची. ताई खडूने नदी, पूल, डोंगर काढायची. बटणे म्हणजे सैनिक. पण हे नुसते बटणे सरकवणे नव्हते. ज्याने त्याने आपल्या सैनिकासारखे बोलायचे, हुकूम पाळायचे, जखमीला खांद्यावर घ्यायचे. ताई गोष्ट पुढे न्यायची आणि कौल मी द्यायचो. शेजारची जुळी भावंडे सुरुंग काढायची. टिल्लू होता वायरलेसवाला.

टिल्लू एरवी बोलताना अडखळायचा. हजेरी देतानाही पहिल्या अक्षरावरच अडकायचा. पण रिकामी काडेपेटी कानाला लावली की तो एका दमात सांगायचा, "तळाला निरोप. पूल शाबूत आहे. पुढे या." ते ऐकायला बाबा घाईघाईने जेवण उरकून दाराशी येऊन उभे राहायचे. तेव्हा मला फार भाव होता. टिल्लू मला खिशात घेऊन हिंडायचा.

एकदा ताईच्या वर्गातली नवी मैत्रीण खेळायला आली. ताईला तिच्यावर छाप पाडायची होती. परक्या मुलीसमोर टिल्लू पहिल्याच निरोपाला अडकला. 'पू... पू...' याच्या पुढे गाडी जाईना. मैत्रीण तोंडावर हात धरून हसली. तिचे पाहून जुळीही हसली. ताईचे कान लाल झाले.

शत्रूची गोळी लागली की हुकली, हे ताई पुठ्ठ्याआड मला टाकून ठरवायची. सहा पडले तर सैनिक गेला. टिल्लूच्या सैनिकावर गोळी सुटली, तेव्हा मी दोनवर पडलो होतो. गोळी हुकली होती. ताईने नखाने मला सहावर वळवले आणि पुठ्ठा बाजूला केला.

"वायरलेसवाला गेला," ती म्हणाली.

टिल्लू भांडला नाही. आपले काळे बटण त्याने डब्यात टाकले आणि तो आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी ताईने त्याला हवा तो सैनिक देऊ केला, अगदी कप्तानसुद्धा. त्याने नुसतीच नकारार्थी मान हलवली. पुढे तो घरातही खुणांवरच भागवू लागला. याला झालंय तरी काय, असे बाबा विचारायचे आणि ताई ताटात बघत बसायची.

तिचेही मन खेळातून उडाले. माझी रवानगी बटणांच्या डब्यात झाली. बटण शोधताना मी हाताला लागलो, की चटका बसल्यासारखी ती बोट मागे घ्यायची. मला तिचा राग नाही आला. हात तिचा होता, पण सहा ठिपके वर करून खोटी साक्ष मीच दिली होती. मी लाकूड आहे हे खरे, तरी ते मला अजून सलते.

वर्षे गेली. बाबा थकले आणि दुकान बंद करायचे ठरले. आवराआवरीला दोघे आली. टिल्लू आता चष्म्याची भिंगे घासायचे काम करत होता, मान खाली घालून, मुकाट्याने. डबा रिकामा करताना मी ताईच्या हाती लागलो. या वेळी तिने मला सोडले नाही. मुठीत धरून तिने त्याला सगळे सांगून टाकले.

"माहीत होतं मला," टिल्लू म्हणाला. "फासा पडल्याचा आवाज आला, आणि मग हळूच आणखी एक."

"मग तेव्हा बोलला का नाहीस रे?"

त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. ताईने मध्ये शब्द पुरवला नाही.

"माझ्या व... वतीनं बोलणारा तोच तर होता, ताई. तो गेला होता."

ताईने रडत माफी मागितली. 'असू दे' असे टिल्लू म्हणाला नाही, पण उठूनही गेला नाही. संध्याकाळपर्यंत दोघे शेजारी बसून रिळे आणि चिंध्या निवडत राहिली.

मित्रांनो, टेबलावरची लढाई खोटी असते, गोळीही खोटी असते. तिथे बसलेली मुले मात्र खरी असतात. मला कुठे हरवून बसलात तरी माझी तक्रार नाही. फक्त फासा पडला की हात मागे घ्या. आणि शेजारचा कुणी अडखळत असेल, तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबा.