पुसलेला गाल

फोटोवाल्याच्या दुकानातून आजवर कुणी जसा आला तसा बाहेर पडला नव्हता. टकलावर केस उगवायचे, तिरळा डोळा सरळ व्हायचा, लग्नाच्या मुलीचा रंग दोन पायऱ्या वर चढायचा. गिऱ्हाईक फोटो बघून खूश व्हायचं आणि घरी जाऊन आरशावर राग काढायचं. त्याच्याशी फोटोवाल्याला काय देणंघेणं? कॉम्प्युटरपुढे बसला की त्याचा हात आपोआप चालायचा. मुरूम, तीळ, सुरकुती, दिसेल ते साफ.

त्याच्या एकुलत्या एका लेकीच्या, बिट्टीच्या डाव्या गालावर मात्र जन्मापासून जांभळट डाग होता, कानापासून पार हनुवटीपर्यंत. बघणारे आधी डाग बघायचे, मग मुलगी. पण तिची आई खमकी. अंघोळ घालताना ती रोज सांगायची, की तुला घडवताना देवाला कसली घाई नव्हती, आणि त्याच्या हातून चूक होत नाही. पोरीला ते इतकं पटलेलं, की बस स्टॉपवर एक बाई तिच्याकडे बघून हळहळली तेव्हा बिट्टीनेच विचारलं, "देवाने केलंय ते, तुम्हाला काय होतंय?" बाई स्टॉपच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

मग आई आजारी पडली आणि गेली. जाताना तिने नवऱ्याकडे एवढंच मागितलं, "हिला स्वतःची लाज वाटू देऊ नकोस." त्याने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं? तो वेणी घालायला शिकला, डबा करायला शिकला, पण देवाचं नाव काढायचं म्हटलं की त्याची जीभ अडायची. ज्याने बायको नेली त्याचे गोडवे कुठल्या तोंडाने गायचे? ते काम त्याने चर्चमधल्या संडे स्कूलच्या बाईंवर सोडलं.

बाई मनापासून शिकवायच्या. त्यांनी एक बेत केला. वर्गाच्या भिंतीवर प्रत्येक मुलाचा मोठा फोटो लावायचा, आणि रविवारी आईबापांसमोर एकेकाने आपल्या फोटोपाशी उभं राहून म्हणायचं, "देवाने मला असं घडवलं आणि त्याला आनंद झाला." फोटो काढायचं अर्थातच फोटोवाल्याच्या गळ्यात पडलं. बाईंनी बजावलं होतं, कुणाचं काही पुसायचं नाही.

त्याने पुसलंही नाही. पुढे आलेले दात, फाटलेला ओठ, सगळं जसंच्या तसं ठेवलं. शेवटी बिट्टीचा फोटो समोर आला. पडलेल्या दाताची खिडकी दाखवत ती मनसोक्त हसत होती. त्याला रविवारची गर्दी दिसू लागली, बायकांची कुजबुज ऐकू येऊ लागली. एक दिवस तरी माझ्या लेकीला कुणी बिचारी म्हणू नये, एवढंच त्याच्या मनात आलं आणि हात चालला. गाल लख्ख झाला. फोटोत ती आईसारखी दिसत होती. तो बघत बसला आणि त्याचे डोळे भरून आले. वेडी माया, दुसरं काय.

रविवारी बिट्टी आपला फोटो शोधत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. बाईंनीच तिला हात धरून फोटोपुढे उभं केलं. मागून एक मुलगा म्हणाला, हिचा डाग गेला. बाईंनी कानात वाक्य सांगितलं, पुन्हा सांगितलं. बिट्टीने तोंड उघडलं नाही. तिने वळून बापाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर परवडलं असतं. तिने फक्त गालावर हात ठेवला, आणि घर येईपर्यंत काढला नाही.

त्या आठवड्यात ती वेणी घालू देईना. केस गालावर ओढून शाळेत जायची, आणि वर्गात डावा गाल भिंतीकडे येईल अशी जागा धरायची. जेवताना एकदा तिने विचारलं, देवाला पुसता येत नाही का? बापाने हातातला घास ताटात ठेवला. त्याने कबूल केलं, की चूक त्याचीच होती, बिट्टी त्याला आहे तशीच आवडते.

"मग पुसलं कशाला?"

"लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून, बाळा."

"लोक ठेवायचेच," बिट्टी म्हणाली. "तुम्ही नव्हता ठेवत."

दुसऱ्या दिवशी तो चर्चमध्ये गेला, भिंतीवरचा फोटो काढून आणला. मूळ फोटो तेवढाच मोठा छापून त्याने घरच्या टेबलावर ठेवला, लेकीला समोर बसवलं आणि म्हणाला, "ही माझी बिट्टी. ही दुसरी कोण, मला माहीत नाही." आणि तो लख्ख गालाचा फोटो त्याने तिच्या देखत टराटरा फाडला. त्याला वाटलं, पोर आता गळ्यात पडेल.

बिट्टी खुर्चीवरून उतरली. जमिनीवर बसून एकेक तुकडा गोळा करून जुळवू लागली. टेबलावरच्या फोटोकडे तिने पाहिलंच नाही.

"फाडलंत कशाला, पप्पा?" ती रडत म्हणाली. "ती तर चांगली होती."

डोळा जुळला, हसू जुळलं. एक तुकडा मात्र सापडेना.

"गाल नाही मिळत," ती म्हणाली. "शोधून द्या ना."

मग तो गुडघ्यांवर बसला आणि टेबलाखाली हात घालून तो तुकडा शोधू लागला.